दहा सेंटांचं मत

तुमच्या हातात कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन आहे. उचलताच कळतं, हा जड आहे, पत्र्याचा आहे. वरची कडी ओढली की ती अख्खी सुटून बोटात येते, आणि बहुतेक जण ती उभे असतील तिथेच टाकून देतात. कॅनवर छापलेलं असतं : डिपॉझिट नाही, परत घेणार नाही. रीसायकलिंगचा तीन बाणांचा तो ओळखीचा त्रिकोण शोधू नका, कारण तो अजून कुणी काढलेलाच नाही. याच वर्षी गॅरी अँडरसन नावाचा कॅलिफोर्नियातला २३ वर्षांचा विद्यार्थी खोकी बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्पर्धेसाठी तो काढणार आहे.

साल १९७०, मार्चचा दुसरा आठवडा. गाव अ‍ॅन आर्बर, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं. गाव कसलं, विद्यापीठच म्हणा. पाच वर्षांपूर्वी व्हिएतनामचं युद्ध पेटत असताना इथल्या प्राध्यापकांनी रात्रभर वर्ग उघडे ठेवले, युद्धावर व्याख्यानं दिली, वाद घातले. ‘टीच-इन’ हा प्रकार तिथून देशभर गेला. आता विद्यार्थ्यांनी तोच प्रकार हवा, पाणी आणि कचऱ्यासाठी हाती घेतलाय. त्यांच्या गटाचं नाव एनॅक्ट.

या पोरांनी तुमच्या हातातल्यासारखे सुमारे दहा हजार कॅन जमवलेत. ते कोका-कोलाच्या गावातल्या बॉटलिंग प्लँटवर नेऊन पुढच्या हिरवळीवर ओतायचेत. तुम्हीही एका पोत्याचं तोंड धरता. पोतं उलटं होतं, पत्र्याचा खडखडाट होतो, चिकट गोडसर वास येतो. हा तुमचा माल, तो तुम्हीच परत घ्या, एवढाच निरोप.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या आठ वर्षांची गोष्ट या ढिगातच आहे. मुंबईत वाढलेल्यांना आरेच्या दुधाची काचेची बाटली आठवेल : मोकळी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. अमेरिकेतही सोडा आणि बिअर अशाच विकल्या जात. बाटली कंपनीची, ती सांभाळून परत करायची, डिपॉझिट परत घ्यायचं. मग एकदाच वापरायचे कॅन आणि बाटल्या आल्या. बाटल्या परत वाहून आणायचा, धुवायचा खर्च कंपन्यांच्या डोक्यावरून उतरला आणि कचरा उचलायचा खर्च नगरपालिकेच्या डोक्यावर चढला. १९५३ मध्ये याच धंद्यातल्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था निघाली. रस्त्यावर कचरा टाकणारा माणूस बेशिस्त आहे, हे तिने लोकांच्या मनावर बिंबवलं. माणूस बेशिस्त असेलही. पण परत घेणाराच कुणी उरला नसेल तर शिस्तीच्या माणसाने तरी तो कॅन कुठे नेऊन ठेवायचा? हा प्रश्न त्या हिरवळीवर ओतला गेला, आणि तो विचारणाऱ्यांचं वय एकोणीस-वीस होतं. मला या सगळ्या चळवळीतला हा सर्वांत शहाणा क्षण वाटतो.

बुधवार, ११ मार्च. संध्याकाळी क्रिस्लर अरीनात उद्घाटन आहे. तेरा-चौदा हजारांची गर्दी आत, उरलेले बाहेर उभे. ‘हेअर’ या संगीतिकेतले कलाकार गातात, गव्हर्नर मिलिकन बोलतात, शास्त्रज्ञ बॅरी कॉमनर बोलतात. विद्यापीठाच्या मधल्या चौकात, डायागवर, १९५९ सालच्या एका फोर्ड गाडीवर रीतसर खटला भरतो. हवा नासवल्याचा, माणसं मारल्याचा आरोप. निकाल लागतो आणि घण चालतात. डेट्रॉइट इथून तासाभरावर आहे, मोटारींवरच जगणारं शहर. घण उचलणाऱ्यांमध्ये मोटार कारखान्यातल्या कामगारांची पोरं किती असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि एक आवाज याहून गंभीर आहे. तो नीट ऐका. ब्लॅक अ‍ॅक्शन मूव्हमेंटचे कृष्णवर्णीय विद्यार्थी विचारतायत : या विद्यापीठात आम्ही मूठभर आहोत, वस्त्यांमध्ये माणसं उपाशी आहेत, आणि तुम्हाला हवेची काळजी सुचते? त्यांची मागणी आहे की १९७३ पर्यंत विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय दहा टक्के असावेत. याच महिन्यात ते संप करतील, वर्ग ओस पडतील आणि विद्यापीठाला ते उद्दिष्ट मान्य करावं लागेल. पर्यावरणाची ही पहिली गर्दी बरीचशी गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती हे खरंच आहे. ते त्यांच्या तोंडावर सांगितलं गेलं, तेही पहिल्याच आठवड्यात, हे चांगलं झालं.

चार दिवसांत पाहुणे येत राहतात. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन येतात. २२ एप्रिलला देशभर असाच दिवस पाळायची कल्पना त्यांची. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे वकील रॅल्फ नेडर येतात. सिनेटर एडमंड मस्की येतात, १९६८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेले, आणि १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सनसमोर हेच उभे राहतील अशी कुजबुज ज्यांच्याबद्दल आहे ते. खुद्द निक्सन यांनी वर्षाच्या पहिल्याच दिवशी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली आहे. वारं कुठून वाहतंय हे त्यांनाही कळतं. दोन्ही पक्षांना या पोरांच्या टाळ्या हव्यात. पोरांना मात्र मत नाही, कारण मतदानाचं वय एकवीस आहे. व्हिएतनामला पाठवायला अठरा पुरतं.

या गावाला राष्ट्राध्यक्षांचं तसं अप्रूप नाही. १४ ऑक्टोबर १९६० ला रात्री दोन वाजता इथल्या मिशिगन युनियनच्या पायऱ्यांवर प्रचारात असलेले केनेडी उभे राहिले आणि परदेशात जाऊन सेवा कराल का, असं त्यांनी मुलांना विचारलं. मुलांनी नुसतं हो म्हटलं नाही, सह्यांची मोहीम काढली. पुढच्या मार्चमध्ये अशा सेवेसाठी तरुणांना परदेशी पाठवणारी पीस कोअर ही सरकारी संस्था स्थापन झाली. बोलणारा नेता आणि सह्या गोळा करत हिंडणारं पोर यांतलं दुसरं मला नेहमी जास्त महत्त्वाचं वाटत आलंय. पुढची सहा वर्षं तुम्ही त्याच्याच मागे जा.

ती वर्षं झरझर जातात. टीच-इनमधूनच गावात इकॉलॉजी सेंटर उभं राहतं, काच आणि कागद घ्यायला लागतं. जुलै १९७१ ला सव्विसावी घटनादुरुस्ती होते आणि अठराव्या वर्षी मत मिळतं. त्याच वर्षी मिशिगनचं सर्वोच्च न्यायालय सांगतं की विद्यार्थी शिकतो त्या गावात मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. त्याच वर्षी ओरेगॉन राज्य डिपॉझिटचा कायदा करतं. १९७२ मध्ये मस्की उमेदवारीच्या शर्यतीतून बाद होतात, ती मिळवलेले मॅकगव्हर्न दारुण हरतात, निक्सन जिंकतात आणि पुढे पायउतार होतात. त्याच १९७२ साली नेडर यांच्या प्रेरणेने विद्यार्थी पिरगिम नावाची संघटना बांधतात. तिच्या कामांपैकी एक म्हणजे बाटल्यांचा कायदा. राजधानी लॅन्सिंगमध्ये ते विधेयक पुन्हा पुन्हा अडतं. शेवटी शिकारी आणि मासेमारांच्या क्लबांचा राज्यव्यापी संघ पुढे येतो. नद्यांच्या काठी कॅन त्यांच्याच पायात येत होते. विधिमंडळाला बाजूला ठेवून सह्या जमवून प्रश्न थेट मतदारांपुढे न्यायचं ठरतं. लांब केसांची पोरं आणि बंदूक बाळगणारे काका एकाच कागदासाठी दारोदार फिरतात.

१५ सप्टेंबर १९७६. पुन्हा क्रिस्लर अरीना. या वेळी व्यासपीठावर राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आहेत. ते याच विद्यापीठाचे, इथल्या फुटबॉल संघाचे जुने खेळाडू. जिमी कार्टर यांच्याविरुद्धच्या प्रचाराचा नारळ इथेच फुटतोय. टाळ्या आहेत, हुर्यो आहे. मध्येच फटाक्याचा मोठा आवाज होतो आणि फोर्ड क्षणभर दचकतात. गेल्याच सप्टेंबरात त्यांच्यावर दोनदा पिस्तूल रोखलं गेलं होतं, त्यामुळे सभागृहातल्या सगळ्यांच्याच काळजाचा ठोका चुकतो. ते सावरून बोलत राहतात. बाहेर पडताना जीनची पँट घातलेली एक मुलगी तुमच्या हातात पत्रक कोंबते. “मत फोर्डला दे नाहीतर कार्टरला दे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. प्रपोजल ए पर्यंत ये.”

मंगळवार, २ नोव्हेंबर. राष्ट्राध्यक्षपदाच्याच मतदानात प्रपोजल ए हाही प्रश्न आहे : परत न घेता येणारे कॅन आणि बाटल्या बंद करून डिपॉझिट सक्तीचं करायचं का? विरोधात कॅनवाले, काचवाले, बाटल्या भरणारे, आणि नोकऱ्या जातील या भीतीने काही कामगार संघटनाही. त्यांच्या जाहिरातींचा पैसा डोळ्यांत भरतो.

रात्री निकाल येतात. मिशिगन फोर्ड यांच्या मागे उभं राहतं, पण देश कार्टर यांना निवडतो. प्रपोजल ए ला राज्यातल्या दर तीन मतदारांमागे जवळपास दोघांचा कौल मिळतो. म्हणजे फोर्डवाल्यांनी दिला आणि कार्टरवाल्यांनीही. मेन राज्यातही असाच कौल लागतो. मॅसॅच्युसेट्स आणि कोलोराडोत प्रस्ताव पडतात, त्यामुळे हा विजय आपोआप आलेला नाही हेही दिसतं.

कायदा लागू होतो डिसेंबर १९७८ मध्ये. डिपॉझिट दहा सेंट, ओरेगॉनच्या दुप्पट. किराणा दुकानाच्या काउंटरवर तुम्ही पोतं ठेवता, दुकानदार जागेच्या नावाने कुरकुरतो आणि मोजायला लागतो. बाहेर दोन शाळकरी पोरं रस्त्याच्या कडेचे कॅन वेचतायत, कारण आता प्रत्येकाची किंमत आहे. परीक्षेच्या तोंडावर खिसा रिकामा झालेला विद्यार्थीही तेच करतोय. १९७० मध्ये ज्यांनी हिरवळीवर पोती ओतली ते केव्हाच पदवी घेऊन पांगलेत. गावात वर्षभरापूर्वी स्वयंसेवकांनी रीसायकल अ‍ॅन आर्बर सुरू केलंय, कारण कॅन सुटला तरी वर्तमानपत्रं आणि लोणच्याच्या बरण्या उरल्याच होत्या.

एक गोष्ट मात्र त्या काउंटरवर तुम्हाला दिसणार नाही : पाण्याची बाटली. १९७६ मध्ये पाणी असं विकत घेऊन रस्त्यात प्यायची रीतच नव्हती, म्हणून ती कायद्यात आली नाही. आज मिशिगनमध्ये सोड्याच्या कॅनवर दहा सेंट आहेत, साध्या पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर काहीच नाही. ते बदलायची विधेयकं लॅन्सिंगमध्ये येतात आणि अडतात. सह्या गोळा करून प्रश्न थेट मतदारांपुढे न्यायचा रस्ता तिथे आजही खुला आहे.