लायनर घासला, पण गेला कुठे?

कुर्ला ते मुलुंड हा लालबहादूर शास्त्री मार्ग आता मॉल आणि टॉवरचा झालाय. आम्ही जुनी माणसं त्याला अजून आग्रा रोडच म्हणतो. एके काळी या रस्त्यावर जवळजवळ अख्खी मोटार तयार व्हायची. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फियाट, पुढे तिचीच पद्मिनी. भांडुपला सिएटचे टायर. आणि घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोमध्ये ब्रेकचे लायनर, क्लचची फेसिंग. फेरोडो हे नाव इंग्लंडातलं. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं 1897 मध्ये घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली, त्यातून ती कंपनी उभी राहिली. घाटकोपरच्या कंपनीचं नाव नंतर हिंदुस्थान कंपोझिट्स झालं.

मी त्या मोठ्या कारखान्यात नव्हतो. सत्तरच्या दशकात भांडुपच्या एका लहानशा युनिटमध्ये टेस्टिंगला लागलो. पत्र्याच्या शेडचा एक कोपरा, तीच आमची लॅब.

लायनर हा एकजिनसी पदार्थ नव्हे. ॲस्बेस्टॉसचा तंतू सगळ्यांत जास्त, तो बांधून ठेवायला फिनॉलिक रेझिन, वजनाला बॅराइट, थोडं ग्रॅफाइट, पितळेचा कीस आणि काजू! काजूच्या टरफलात जे जळजळीत तेल असतं, बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालटं काढणारं, ते आटवून घट्ट करायचं आणि दळायचं. त्या तपकिरी भुकटीनं ब्रेक किंचाळत नाही, घर्षण एकसारखं राहतं. हे सगळं मिक्सरमध्ये कोरडंच फिरवायचं, गरम प्रेसखाली दाबायचं, भट्टीत पक्कं करायचं. मग ग्राइंडिंग, आणि रिव्हेटसाठी भोकं. मिक्सरचं झाकण उघडलं की पलीकडचा माणूस दिसेनासा व्हायचा.

माझं काम शेवटचं. लायनरचा इंचभर चौकोनी तुकडा कापून फिरत्या लोखंडी ड्रमवर दाबून धरायचा आणि घर्षणांक बघायचा. 0.35 ते 0.40 आला की माल पास. मग ड्रम तापवायचा. तीनशे अंशांच्या पुढे रेझिन जळायला लागतं, वायू सुटतो आणि घर्षण घसरतं. त्याला आम्ही ‘फेड’ म्हणायचो. याच आग्रा रोडनं पुढे कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्याला तो शब्द ठाऊक नसेल, पण जळक्या लायनरचा वास आणि तळाला टेकलेलं पेडल त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी मायक्रोमीटर लावून तुकड्याची झीज नोंदवायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

घर्षणाचं गणित वरवर सोपं वाटतं. दाब दुप्पट केला की घर्षण दुप्पट. टेकलेल्या क्षेत्रफळाचा संबंध नाही. फ्रान्सच्या आमाँताँनं हे 1699 मध्येच मांडलं होतं. असं का, याचा उलगडा विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी केला: दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते मोजक्या उंचवट्यांवरच. लायनरमध्ये हे उंचवटे तंतूंच्या आणि धातूच्या टोकांशी तयार होतात. सुटलेली भुकटी त्यांच्या आडोशाला अडकते, दाबानं आणि उष्णतेनं घट्ट बसते आणि कोकणातल्या सड्यांसारखी सपाट, उंच बेटं बनतात. ड्रमला खरा भिडतो तो या बेटांचा माथा. म्हणजे ब्रेक लागतो तो बराचसा स्वतःच्याच भुकटीवर.

आणि नेमकी हीच भुकटी आमच्या रजिस्टरात कुठे नव्हती. झीज किती, याला रकाना होता, कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायचं. झिजलेलं गेलं कुठे, याला रकाना नव्हता.

रस्त्यावर त्यातलं ॲस्बेस्टॉस फारसं उरत नसे. ब्रेकच्या उष्णतेनं त्याचं बहुतेक दुसऱ्याच खनिजात रूपांतर होतं. खरा धोका होता तो आमच्या शेडमध्ये, आणि ड्रम उघडून हवेच्या पाइपनं धूळ उडवणाऱ्या गॅरेजच्या पोरांना.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा एकेक तंतू म्हणजे गुंडाळलेली पोकळ नळी, जाडी साधारण 25 नॅनोमीटर. हवेतले तंतू मोजायची रीत मात्र अशी: पंपानं हवा गाळणीच्या कागदावर ओढायची, तो कागद रसायनानं पारदर्शक करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 5 मायक्रॉनहून लांब तंतू डोळ्यानं मोजत बसायचं. पाव मायक्रॉनहून बारीक असेल ते त्यात दिसतच नाही. आकडा नियमात बसला याचा अर्थ एवढाच, की दिसले तेवढे तंतू नियमात बसले. बाकीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय सापडत नाहीत, आणि तो आग्रा रोडच्या शेडमध्ये कोण आणणार?

छातीनं मात्र मोजलंच. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांची डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासणी केली. 2005 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात 41 जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या तंतूंनी होणारा फुप्फुसांचा आजार, निघाला.

आता लायनरमध्ये तंतू दुसरे आले, पण भुकटी आहेच. साधारण 160 ते 190 अंशांच्या पुढे ब्रेकमधून निघणारे नॅनोकण एकदम वाढतात, हे आता मोजून कळलंय. युरोपनं 2024 च्या ‘युरो 7’ नियमांत ब्रेकच्या धुळीला पहिल्यांदा मर्यादा घातली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम. माझ्या रजिस्टरात नव्हता तो रकाना असा उशिरानं का होईना आला.

ॲस्बेस्टॉसचा आजार वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 च्या निकालात सांगितलंय, की अशा कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांत जे उशिरा संपेल तोवर ठेवलीच पाहिजे. तुमच्या घरात कुणी लायनरच्या, क्लचच्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या कामावर होतं का? असेल, आणि आता जिना चढताना दम लागत असेल, तर वयावर ढकलू नका. छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्या, आणि आपण कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं, हे डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगा.