बोट दाखवण्याचा अर्थ

वर्षाच्या आतबाहेरचे मूल खिडकीतल्या चिमणीकडे बोट दाखवते आणि लगेच वळून आईकडे पाहते. जर्मनीत विल्हेल्म वुंट यांनी १९०० च्या सुमारास या बोटाचे मूळ हुकलेल्या पकडीत शोधले. रशियात लेव विगोत्स्की यांनीही तेच मानले. मात्र त्या धडपडीला अर्थ आई देते, हे त्यांनी ओळखले. १९७५ मध्ये एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी मागण्याचे बोट आणि नुसते दाखवण्याचे बोट वेगळे काढले. चिमणी काही हातात नको असते! २००४ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी बारा महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. समोरचा माणूस फक्त वस्तूकडे किंवा फक्त मुलाकडे बघत राहिला, की मूल पुन्हापुन्हा बोट दाखवी. तो दोन्हींकडे आलटूनपालटून बघत कौतुकाने बोलला, की मुलाचे समाधान होई.