नोर्चाचा मलईदार सॉसेज पास्ता

पांढऱ्या सॉसचा पास्ता म्हणजे मैदा, लोणी आणि दूध, ही समजूत आपल्याकडील उपाहारगृहांच्या मेनूकार्डांनी रुजवली. इटलीतील सॉसेजचा मलईदार पास्ता वेगळ्या जातीचा आहे. त्यात मैदा नसतो, भाज्यांची गर्दी नसते आणि क्रीमही बेताचेच असते. ‘पेन्ने आल्ला नोर्चीना’ या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ मध्य इटलीच्या उंब्रिया प्रांतातील नोर्चा या छोट्या गावाचा. जिन्नस सात-आठ, वेळ अर्ध्या तासाचा. तरीही घरी तो बिघडतो आणि बहुधा दोनच कारणांनी. सॉसेज चुकीचे निवडले जाते आणि पास्ता उकळलेले पाणी मोरीत ओतले जाते.

नोर्चा हे सिबिल्लीनी डोंगररांगांच्या पायथ्याशी, सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले गाव. संत बेनेडिक्ट यांचे जन्मस्थान म्हणून ख्रिस्ती जगात त्याला मान आहे. पण इटालियन भाषेला या गावाने दिलेला शब्द खाटीककामाचा आहे. डुक्कर कापून त्याचे मांस खारवणारा, सॉसेज भरणारा कारागीर म्हणजे ‘नोर्चीनो’ आणि त्याचे दुकान ‘नोर्चिनेरिया’, मग ते रोममध्ये का असेना. थंडी पडली की हे कारागीर डोंगर उतरून रोम आणि तोस्कानाकडे कामाला जात. त्यांच्या हाताचे कसब माणसांवरही चाले. जवळच्या प्रेची गावातील काही घराणी मुतखडा आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. नोर्चाच्या खारवलेल्या मांडीच्या मांसाला, म्हणजे प्रोशुत्तोला, १९९७ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात संत बेनेडिक्ट यांचे चर्च कोसळले, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. अनेक दुकानदारांना तात्पुरत्या जागांत व्यवसाय थाटावा लागला.

पाककृतीतील ‘इटालियन सॉसेज’ हा शब्द फसवा आहे. अमेरिकेत त्याची व्याख्या सरकारी नियमांत आहे. मीठ आणि मिरी यांच्या जोडीला बडीशेप किंवा तत्सम अ‍ॅनिस असल्याशिवाय तेथे ते नाव लावता येत नाही. नोर्चाच्या सॉसेजमध्ये मात्र मीठ, काळी मिरी आणि लसूण हाच मुख्य मसाला. दोन्हींत समान गोष्ट एकच, मांस कच्चे आणि ताजे असते. सुपरमार्केटच्या शीतकपाटात मिळणारी गुळगुळीत, गुलाबी, आधीच शिजवलेली सॉसेज येथे कामाची नाहीत. त्यांचे रबरासारखे तुकडे सॉसला काहीच देत नाहीत. गोव्याचे चोरीस चवीला कितीही जबरदस्त असले तरी तेही येथे बसत नाही. त्यातील व्हिनेगरमुळे क्रीम फाटू शकते आणि लाल मिरचीपुढे चीज हरते.

ताजे सॉसेज न मिळाल्यास ते घरी करणे अवघड नाही. आतड्यात भरण्याची गरजच नाही, कारण या पदार्थात वरचे आवरण काढूनच टाकतात. अर्धा किलो डुकराच्या मांसाचा खिमा घ्यावा. त्यात साधारण पाव हिस्सा चरबी हवी. ९ ग्रॅम मीठ, एक चमचा जाडसर कुटलेली मिरी, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि दोन चमचे पांढरी वाइन घालून तो चिकट होईपर्यंत मळावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी कोंबडीच्या तंगडीचा खिमा आणि थोडे अधिक तेल वापरावे. चव बदलेल, पण पद्धत तीच.

चार माणसांसाठी ३५० ग्रॅम पेन्ने किंवा रिगातोनी, ३०० ग्रॅम सॉसेज, एक लहान कांदा, अर्धी वाटी पांढरी वाइन, दीडशे मिलिलिटर क्रीम आणि ५० ग्रॅम किसलेले पेकोरीनो पुरते. पेकोरीनो म्हणजे मेंढीच्या दुधाचे कठीण, खारट चीज. ते नसल्यास पार्मेझान चालते. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच घ्यावा. इटलीत १९६७च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी तोच बंधनकारक केला.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर ऑलिव्ह तेल तापवून सॉसेजचे बोराएवढे तुकडे पसरावेत आणि लगेच हलवू नयेत. खालची बाजू तांबूस झाल्यावरच उलटावेत, कारण सॉसची निम्मी चव त्या तांबूसपणात असते. मग बारीक चिरलेला कांदा घालून तो मऊ करावा, वाइन ओतून बुडाला चिकटलेले खरवडून घ्यावे आणि ती आटू द्यावी. वाइन नको असल्यास साधे पाणी घ्यावे. लिंबू किंवा व्हिनेगर नको. डुकराचा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजायला हवा. कोंबडीला ७४ अंश लागतात.

एकीकडे पास्ता नेहमीपेक्षा कमी पाण्यात, तीन लिटरमध्ये, उकळावा. सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असल्याने पाण्यात मीठही हात राखून टाकावे. पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी पास्ता काढावा आणि दोन वाट्या पाणी बाजूला ठेवावे. ते गढूळ पाणी हाच सॉसचा आधार. त्यातील स्टार्च चरबी आणि पाणी वेगळे होऊ देत नाही आणि चीजच्या गुठळ्याही रोखतो. मिरी व पेकोरीनोच्या ‘काचो ए पेपे’ या पास्त्यावर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गुठळ्या होतात, २ ते ३ टक्के पुरेसा ठरतो, असे त्यात दिसले. त्याच वर्षी या कामाला विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल मिळाले, मात्र निष्कर्ष स्वयंपाकघरात तंतोतंत उपयोगी आहे.

सॉसेजमध्ये क्रीम मंद आचेवर मिसळावे. आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या क्रीममध्ये बहुधा २० ते २५ टक्केच स्निग्धांश असतो. ते खळखळून उकळल्यास फुटते. घरची साय वापरायची तर ती ताजी हवी, घोटून गाळलेली. नोर्चाच्या परिसरात क्रीमऐवजी रिकोटा घालणारेही अनेक आहेत आणि ती चव अधिक हलकी लागते. मग पास्ता आणि वाटीभर पाणी घालून दोन मिनिटे जोराने परतावे, आच बंद करून मिनिटभर थांबावे आणि चीज शेवटी घालावे. उकळत्या सॉसमध्ये पडलेल्या पेकोरीनोचे दोर होतात.

नोर्चात हिवाळ्यात यावर काळे ट्रफल किसतात. त्याची हौस बाटलीतील ट्रफल तेलावर भागवू नये. बहुतेक तेलांचा वास कृत्रिम गंधकयुक्त रसायनाचा असतो आणि तो सॉसेजला झाकून टाकतो. ताजी कुटलेली मिरी बरी.

पास्ता थंड होताच सॉस घट्ट होतो, म्हणून ताटे आधी कोमट करावीत आणि उरलेले पाणी हाताशी ठेवावे. पाहुणे उशिरा येणार असतील तर सॉसेज-कांद्याचे मिश्रण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येते. पास्ता, क्रीम आणि चीज मात्र मंडळी पानावर बसताना.