अभिकल्प सॉफ्टवेअर : कायम परवाना व भाडेपद्धती

इमारती, यंत्रभाग, छपाईची पृष्ठे, चित्रे इत्यादींचे आराखडे संगणकावर तयार करण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर ग्राहकास मुख्यतः दोन पद्धतींनी देण्यात येते. एकरकमी मोबदला घेऊन अमर्याद मुदतीसाठी वापराचा हक्क दिल्यास त्यास कायम परवाना म्हणतात. वर्गणी भरली जाईल तोपर्यंतच हक्क टिकत असल्यास ती भाडेपद्धती होय. दोन्ही पद्धतींत सॉफ्टवेअरचा प्रताधिकार निर्मात्याकडेच राहतो.

या दोहोंपैकी भाडेपद्धती जुनी आहे. आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी आपली गणनयंत्रे दीर्घकाळ केवळ भाड्यानेच देत असे. १९५६ मधील न्यायालयीन तडजोडीनुसार तिला ती विकण्याचीही तयारी ठेवावी लागली. त्या काळी सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच मिळे. १९६९ मध्ये या कंपनीने त्याची स्वतंत्र आकारणी जाहीर केल्यावर सॉफ्टवेअर ही निराळी विक्रेय वस्तू बनण्यास चालना मिळाली.

वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर कायम परवाना रूढ झाला. ऑटोडेस्कचे ऑटोकॅड (१९८२), ॲल्डसचे पेजमेकर (१९८५), तसेच अडोबीची इलस्ट्रेटर (१९८७) व फोटोशॉप (१९९०) ही सॉफ्टवेअर याच रीतीने विकली गेली. नवी आवृत्ती घ्यावयाची की जुनीवरच भागवावयाचे, हे ग्राहक ठरवीत असे. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ मध्ये निघाली. तथापि महाराष्ट्रातील अनेक अक्षरजुळणी केंद्रे त्यानंतरही वर्षानुवर्षे तीवर मराठी पुस्तके जुळवीत राहिली.

निर्मात्यांच्या दृष्टीने मात्र या पद्धतीत उत्पन्न अनियमित होते. नवी आवृत्ती निघाली की ते वाढे व नंतर घटे. इंटरनेटमुळे परवान्याची वेळोवेळी पडताळणी करणे सुलभ झाले आणि भाडेपद्धती परतली. अडोबीने २०१२ मध्ये ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ ही वर्गणी योजना सुरू केली व मे २०१३ मध्ये यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील असे घोषित केले. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बहुतेक सॉफ्टवेअरच्या नव्या कायम परवान्यांची विक्री थांबविली. अडोबीच्या अखेरच्या संपूर्ण संचाची अमेरिकेतील किंमत २,५९९ डॉलर होती, तर वार्षिक करारावरील मासिक वर्गणी ४९.९९ डॉलर. म्हणजेच सु. ५२ महिन्यांत वर्गणीची बेरीज मूळ किमतीइतकी होई. नवशिक्याला व अल्पकालीन कामास वर्गणी परवडे. आवृत्ती क्वचितच बदलणाऱ्या छोट्या व्यावसायिकास ती महाग पडे.

कायम परवान्याचे कायदेशीर स्वरूप सर्वत्र सारखे नाही. ऑटोकॅडच्या जुन्या प्रतींच्या पुनर्विक्रीसंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने (२०१०) ग्राहक हा मालक नसून परवानाधारक असल्याचे ठरविले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने (२०१२) मात्र अन्य एका सॉफ्टवेअरच्या खटल्यात अमर्याद मुदतीचा परवाना म्हणजे विक्रीच, असा निर्णय दिला. तांत्रिकदृष्ट्याही तो पूर्णतः कायम नसतो : ॲपलच्या संगणक प्रणालीतून २०१९ मध्ये ३२-बिट सॉफ्टवेअरचा आधार काढला गेल्यावर तेथील अनेक जुनी सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरली.

भाडेपद्धतीत परावलंबन अधिक असते. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे अडोबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याचे जाहीर केले. पुढे शासकीय अनुमती मिळाल्याने तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये पँटोन या कंपनीच्या रंगसंग्रहांसाठी वेगळी वर्गणी लागू झाल्यावर फोटोशॉपच्या काही जुन्या धारिकांतील ते रंग काळे दिसू लागले. दोन्ही प्रसंगी ग्राहकाचे स्वतःचे काम त्याच्याजवळच होते, परंतु ते पूर्वीप्रमाणे उघडणे त्याच्या हाती राहिले नव्हते.

एकदाच मोल घेऊन विकले जाणारे ॲफिनिटी डिझायनर (२०१४) आणि मुक्त परवान्याची ब्लेंडर व फ्रीकॅड हे पर्याय यातून अनेकांनी स्वीकारले. ॲफिनिटी २०२४ मध्ये कॅन्व्हा कंपनीने घेतले व २०२५ मध्ये विनामूल्य केले. इमारतीचा वा यंत्राचा आराखडा दुरुस्तीसाठी अनेक दशकांनंतरही लागतो. त्यामुळे परवाना निवडताना किमतीइतकेच महत्त्व, परवाना संपल्यावर आपल्या धारिका अन्य सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतील की नाही, या प्रश्नास असते.