दुखणं आणि उशाशी बसलेलं माणूस

‘गोष्टीतल्या माणसासाठी एवढं काय रडायचं?’ असं ज्यांना कधी ना कधी ऐकून घ्यावं लागलं, त्यांचं चाहत्यांविषयीच्या या अभ्यासात मनापासून स्वागत.

पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला ‘पॅरासोशल’ हे नाव डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 साली दिलं. पुढे बराच काळ अशा जिव्हाळ्याकडे एकलकोंडेपणाची खूण म्हणून पाहिलं गेलं. 1992 साली हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची चाहत्यांवरची पुस्तकं आली आणि चाहता हा नुसता भोक्ता नसून कर्ता आहे, हे अभ्यासकांना मानावं लागलं.

बेकन-स्मिथ ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्या बायकांमध्ये वावरल्या. या बायका एकमेकींसाठी कथा लिहीत आणि घरगुती छपाईच्या अंकांतून त्या कथा हातोहात फिरत. त्यांतल्या ‘हर्ट-कम्फर्ट’ म्हणजे दुखापत आणि दिलासा या प्रकारापाशी थोडं थांबू या. मालिकेतला स्पॉक जखमी होतो. स्फोट कसा झाला, शत्रू कोण, हे चटकन उरकतं. मग तापाची रात्र, उशाशी बसलेला त्याचा कप्तान कर्क, आणि एरवी भावना लपवणाऱ्या स्पॉकनं अखेर मान्य केलेली वेदना यांवर कथा रेंगाळते. मूळ मालिकेला ज्यासाठी सवड नव्हती, ती शुश्रूषा लिहिणारी स्वतः करते. माझ्या मते दिलासा मिळतो तो इथे, दुसऱ्याची काळजी घेण्यात. नुसतं वाचकाच्या पलायनाबद्दल बोलणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी वनवासी सीतेचं बाळंतपण गायलं, तिच्या एकटेपणाची विचारपूस केली. त्या ओव्या आणि हे चाहत्यांचे अंक सारखे नव्हेत. एकीकडे श्रद्धा आहे, दुसरीकडे दूरचित्रवाणी. पण आपलं दुःख आधी दुसरीच्या नावानं बोलायचं, ही रीत दोन्हीकडे दिसते.

आज चाहत्यांच्या अशा कथांचं साहित्य मुबलक आहे. चाहत्यांनीच उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळाला 2019 साली विज्ञानकथा-क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे कथेआधी आशयाची सूचना देता येते, म्हणजे दुखरी जागा येण्यापूर्वी वाचणाऱ्याला सावध होता येतं. ही काळजीसुद्धा अभ्यासाचा विषय आहे.

नव्या अभ्यासकांना एकच विनंती: सिद्धान्ताकडे वळण्याआधी अशा दहा-बारा कथा वाचा, आणि तुमचं स्वतःचं लाडकं पात्र कोणतं, हे टिपणवहीच्या पहिल्या पानावर न संकोचता लिहा.