फॅन ब्रशने ब्लशर : गव्हाळ-सावळ्या गालांवर खुलणारी लाली

मेकअपच्या सामानात सर्वांत जपून हाताळण्याची वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेकींना लिपस्टिक किंवा आयलायनर आठवेल. प्रत्यक्षात चेहऱ्याचा तोल सर्वाधिक वेळा बिघडवतो तो ब्लशर. लिपस्टिकला ओठांची सीमा असते, काजळाला पापण्यांची. गालावर अशी कोणतीही रेषा नाही. रंग कोठे सुरू व्हावा आणि कोठे विरून जावा, हे सर्वस्वी हातावर अवलंबून. त्यामुळेच लग्नाच्या अल्बममध्ये गालांवर दोन लाल चकत्या उमटलेल्या नवऱ्या दिसतात आणि ते पाहून धसका घेतलेल्या कित्येकजणी ब्लशर कायमचा वर्ज्य मानतात. ‘आपल्या रंगाला तो शोभत नाही’ हा निष्कर्षही याच अनुभवातून निघालेला. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाच्या स्त्रियांनी तो विनाकारण स्वीकारला आहे. त्वचेच्या वर्णाला बोल लावण्याआधी रंगाची छटा, त्याची मात्रा आणि ती मात्रा गालापर्यंत नेणारा ब्रश या तीन गोष्टी तपासून पाहायला हव्यात. यांपैकी ब्रशचा प्रश्न सोडवण्यासाठी फॅन ब्रश हा उत्तम पर्याय आहे.

फॅन ब्रश म्हणजे पंख्यासारखा पसरलेला, चपटा, विरळ केसांचा ब्रश. तो मूळचा चित्रकारांचा. तैलरंगात दोन छटांमधील सीमा पुसट करण्यासाठी, ढगांच्या कडा किंवा गवताची पाती रंगवण्यासाठी तो वापरला जातो. मेकअपच्या पेटीत त्याच्याकडे सहसा किरकोळ कामे सोपवली जातात. डोळ्यांखाली सांडलेली आयशॅडो झटकणे, जादा पावडर काढणे, फार तर गालाच्या हाडावर हायलायटर फिरवणे. परंतु सीमा पुसट करण्याचा त्याचा मूळ गुण ब्लशरसाठीच सर्वाधिक उपयोगी आहे.

नेहमीचा ब्लश ब्रश गोलाकार आणि दाट केसांचा असतो. त्या दाटीत भुकटी साठते आणि गालावर पहिल्यांदा जेथे ब्रश टेकतो, तेथेच तिचा मोठा भाग उतरतो. नंतर कितीही पसरवले तरी तो पहिला ठसा पूर्णपणे पुसला जात नाही. फॅन ब्रशमध्ये भुकटी साठायला जागाच नसते; केसांच्या टोकांना चिकटेल तेवढाच रंग तो उचलतो. शिवाय जोर दिला की त्याचे केस वाकतात आणि दाब त्वचेपर्यंत पोहोचत नाही. हात जड असणाऱ्यांसाठी तो म्हणूनच विशेष सोयीचा.

छटा गडद, मात्रा अल्प

लाजून गाल लाल होतात ते त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. भावना तीव्र झाली की मज्जासंस्थेच्या संदेशाने त्यांतून जास्त रक्त वाहू लागते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या भावनांच्या आविष्काराविषयीच्या ग्रंथात लाजण्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. लाजून चेहरा लाल होणे हे बहुतेक, किंबहुना सर्वच मानववंशांत आढळते, मात्र गडद वर्णावर ते तितके ठळक दिसत नाही, असा त्याचा निर्वाह आहे. सावळ्या गालावरही लाली चढतेच, ती फक्त त्वचेतील मेलॅनिनच्या तपकिरी पडद्याआडून दिसते. गुलाबीऐवजी ती विटकरी, डाळिंबी किंवा जांभळट भासते.

ब्लशर निवडताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. ‘नैसर्गिक दिसायला हवे, तर फिकट छटा घ्या’ हा सल्ला गोऱ्या त्वचेसाठी ठीक. फिकट गुलाबी ब्लशरमध्ये रंग सौम्य करण्यासाठी पांढऱ्या घटकांचे, विशेषतः टिटॅनियम डायऑक्साइडचे, प्रमाण अधिक असू शकते. गोऱ्या गालावर ते लक्षात येत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर मात्र तपकिरीवर पांढरट थर बसल्याने राखाडी झाक येते आणि चेहरा निस्तेज दिसतो. मग लाली दिसावी म्हणून आणखी थर चढवले जातात आणि राख अधिकच दाट होते. विक्रेत्याच्या काउंटरवर फिकट गुलाबी डबी पुढे केली जाते तेव्हा ती हाताच्या पाठीवर लावून उजेडात पाहिली, तर हा प्रकार मिनिटाभरात ध्यानात येतो.

यावर उपाय उलट दिशेचा आहे. छटा गडद आणि भरपूर रंगद्रव्य असलेली घ्यावी, पण तिची मात्रा अगदी अल्प ठेवावी. उजळ गव्हाळ वर्णाला पीच आणि कोरल, मध्यम गव्हाळ वर्णाला विटकरी किंवा गडद गुलाबी, सावळ्या वर्णाला डाळिंबी, जांभूळ आणि वाईनच्या छटा खुलतात. डबीत या छटा पाहिल्या की छातीत धडकी भरते, हे खरे. दाट ब्रशने त्या लावल्या तर धडकी भरण्यासारखेच काही घडते. फॅन ब्रशने मात्र त्यांचा केवळ आभास उमटतो. ‘फेअर अँड लव्हली’ या नावातील ‘फेअर’ २०२० साली वगळला गेला. पण फिकट तेच सौम्य, ही समजूत मेकअपच्या सल्ल्यांतून अजून पुरती गेलेली नाही.

डबीमागचा घटकांचा तक्ताही एकदा वाचावा. अनेक ब्लशरमधील लाल रंग आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गेरूला लाली देणाऱ्या घटकाचाच असतो. त्याचा क्रमांक सी.आय. ७७४९१. सी.आय. ७५४७० असा क्रमांक असेल, तर तो कार्माइन, म्हणजे कोचिनिअल या किडीपासून मिळणारा रंग होय. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे. रंगासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. त्यामुळे उत्पादकाचे नाव, परवाना वा नोंदणी क्रमांक आणि मुदत छापलेली नसलेली रस्त्यावरची स्वस्त डबी घेऊ नये. जाता जाता एक गंमत : जपानमध्ये गालांना आणि ओठांना लावण्याचा ‘बेनी’ हा पारंपरिक लाल रंग करडईच्या फुलांपासून काढला जातो. पाकळ्यांतील पिवळा रंग आधी धुऊन टाकतात आणि मागे राहणारा लाल वेगळा करतात. आपल्याकडे सोलापूर आणि मराठवाड्यात हेच पीक प्रामुख्याने तेलासाठी घेतले जाते.

ब्रशची पारख

फॅन ब्रश या नावाखाली बाजारात बरेच काही मिळते. उघडलेला पंखा उजेडासमोर धरल्यावर केसांच्या टोकांतून उजेड झिरपताना दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तो ब्रश ब्लशरसाठी दाट आहे. रुंदी दीड ते दोन इंच पुरे. त्याहून मोठा पंखा निमुळत्या चेहऱ्यावर कानापर्यंत आणि हनुवटीपर्यंत रंग पसरवतो. स्टेशनरीच्या दुकानातील चित्रकलेचा फॅन ब्रश स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. तैलरंगाच्या ब्रशमध्ये बहुधा डुकराचे राठ केस असतात आणि ते गालाला बोचतात.

नैसर्गिक केसांच्या मेकअप ब्रशमध्ये बकरी आणि खारीचे केस प्रचलित आहेत. जपानमधील हिरोशिमा प्रांतातील कुमानो हे गाव ब्रशसाठी प्रसिद्ध आहे. २०११ साली महिला फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाचा तेथील सरकारने सन्मान केला, तेव्हा खेळाडूंना कुमानोच्या मेकअप ब्रशचे संच भेट देण्यात आले होते. आता मऊ कृत्रिम केसांचे ब्रशही चांगल्या प्रतीचे मिळतात. ते लवकर वाळतात आणि पावसाळ्यात कमी त्रास देतात. नवशिक्यांनी तेच घ्यावेत. कोणत्या प्राण्याचे केस आहेत हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नये. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा असून २०१९ साली त्याविरुद्ध देशभर छापे घालावे लागले होते.

प्रत्यक्ष लावताना

फॅन ब्रश भुकटीच्या ब्लशरसाठी आहे. क्रीम किंवा द्रव ब्लशर त्याच्या केसांना चिकटून राहतो आणि गालावर रेघोट्या उमटतात. त्यासाठी बोटे किंवा स्पंजच बरा. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटे थांबावे. गाल ओलसर असताना भुकटी टेकली, तर जेथे ओल तेथे डाग पडतो. फाउंडेशन वापरत असल्यास त्यावर कॉम्पॅक्टचा पातळ हात फिरवावा. आरसा खिडकीसमोर असावा. न्हाणीघरातील पिवळ्या दिव्याखाली लाल छटेचा अंदाज हमखास चुकतो, आणि ते कळते लोकलच्या डब्यात किंवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये.

ब्रश दांड्याच्या शेवटाकडे, सैल धरावा. पेन्सिलीसारखा टोकाजवळ धरला की मनगटाचा जोर उतरतो. पंखा डबीवर आडवा ठेवून टोके एकदा किंवा दोनदा अलगद ओढावीत. नंतर दांडा मनगटावर हलकेच आपटून सैल भुकटी झटकावी. फुंकर मारू नये. तोंडातील ओल आणि जंतू ब्रशवर जातात. पहिला स्पर्श हाताच्या पाठीवर किंवा टिशू पेपरवर करावा. तेथे रंगाचा पुसटसा पट्टा दिसला, की ब्रश गालासाठी तयार झाला.

आता जागा. ‘हसा आणि गालाच्या उंचवट्यावर गोल फिरवा’ ही जुनी शिकवण आजही सर्रास दिली जाते. हसताना उंचवटा वर येतो, हसू मावळले की खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर रंगही ओघळल्यासारखा दिसतो. पंचविशीच्या आत हे खपून जाते. चाळिशीनंतर चेहरा थकलेला भासतो. म्हणून चेहरा स्थिर ठेवूनच ब्लशर लावावा. बुबुळाच्या मध्यापासून सरळ खाली येणारी रेषा ही नाकाकडची हद्द आणि नाकपुडीच्या खालच्या कडेची पातळी ही तळाची हद्द. यांच्या आत रंग येता कामा नये.

डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, गालाच्या हाडाच्या किंचित वर ब्रशची सपाट बाजू टेकवावी आणि कानशिलाच्या दिशेने वर न्यावी. धूळ झटकावी तसे तीन-चार फटकारे पुरेत. मग ब्रश पुन्हा डबीत न बुडवता, उरलेल्या रंगानिशी गालाच्या पुढच्या भागावर एक-दोनदा फिरवावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वाधिक रंग पहिल्या स्पर्शाला उतरतो आणि तो नाकापासून दूरच पडलेला बरा. दोन्ही गालांवर एक थर झाला की आरशापासून हातभर मागे सरकून पाहावे. पहिल्या थरानंतर बहुधा काहीच दिसत नाही, आणि येथेच धीर सुटतो. पुन्हा तेवढीच मात्रा घेऊन दुसरा थर द्यावा, गरज वाटल्यास तिसरा. ऑफिससाठी दोन थर पुरतात. पैठणी किंवा भरजरी शालू असेल, चेहऱ्यावर दिव्यांचा झोत असेल, तर तीन-चार. कॅमेऱ्याच्या प्रखर प्रकाशात लाली फिकी पडते, म्हणून ऐनवेळी एकच दाट थर चढवण्यापेक्षा एखादा थर वाढवणे श्रेयस्कर. शेवटी ब्रश रुमालावर पुसून कोरड्या टोकांनी कडा विरवाव्यात.

चेहऱ्याच्या ठेवणीनुसार नियमांची लांबलचक जंत्री दिली जाते. तिच्यात फारसे अडकू नये. चेहरा गोल असेल तर फटकारे थोडे उभे, लांबट असेल तर आडवे, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते.

अपवाद मात्र सांगायला हवेत. गालाच्या हाडांवर वांग असल्यास तपकिरी आणि विटकरी छटा टाळाव्यात. त्या डागात मिसळून डाग मोठा भासवतात. तेथे कोरल छटा बरी दिसते. मुरमे किंवा उघडी रंध्रे असतील तर चमक असलेला ब्लशर नको, कारण चमक प्रत्येक उंचसखलपणा दाखवते. आणि ब्लशरमध्ये मुळातच रंगद्रव्य कमी असेल, किंवा भुकटी फार घट्ट दाबलेली असेल, तर फॅन ब्रश हतबल ठरतो. कितीही फिरवला तरी गाल कोरडाच. अशा डबीसाठी दाट ब्रश घ्यावा.

एवढे करूनही रंग जास्त झालाच, तर गाल चोळू नये. चोळल्याने खालचे फाउंडेशन उखडते आणि चट्टा उमटतो. स्वच्छ, मोठ्या ब्रशवर किंचित कॉम्पॅक्ट घेऊन लालीच्या कडांपासून आत हलका हात फिरवावा.

ब्रशची स्वच्छता हा सर्वांत दुर्लक्षित भाग. रोज वापरला जाणारा फॅन ब्रश आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पूने धुवावा. केस खालच्या दिशेला धरावेत, म्हणजे धातूच्या पट्टीत पाणी शिरून आतला डिंक सुटणार नाही. पाणी निथळल्यावर बोटांनी पंख्याचा आकार नीट करून ब्रश टेबलाच्या कडेवर, केस अधांतरी राहतील असा आडवा वाळवावा. उभा ठेवला तर पाणी पट्टीत उतरते. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात तो एका रात्रीत वाळत नाही. ओलसर ब्रश पेटीत बंद केला की बुरशीचा वास येतो. अशा दिवसांत पंख्याखाली दोन रात्री ठेवावा आणि दुसरा ब्रश हाताशी असावा. पार्लरमध्ये आपल्या चेहऱ्यावर फिरणारा ब्रश आधी कोणाच्या गालावरून फिरला आणि मधे धुतला गेला का, हे विचारायला संकोच करू नये. लग्नसराईत एकाच दिवसात एकाच ब्रशने अनेकींचा मेकअप उरकला जाऊ शकतो. नवरीने स्वतःचा ब्रश बरोबर नेणे हा त्यावर सोपा उपाय आहे.