एका रोगनामाचा इतिहास

रोगाला दिलेले नाव हे एक प्रकारचे निदानच असते. पुढे निदान बदलले तरी नाव मागे राहते आणि वैद्य व रोगी या दोघांच्याही विचाराला जुनेच वळण देत राहते. 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' या स्त्रीविकाराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९२१ साली आशार व तिएर या फ्रेंच वैद्यांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' वर्णिला. पुरुषी केशवृद्धी व शर्करेच्या चयापचयातील बिघाड ही दोन्ही लक्षणे त्यांनी एकत्र नोंदविली होती. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या बीजांडकोशांचा पाचरीसारखा भाग कापून काढल्यावर सातही जणींचा ऋतुस्राव पूर्ववत् सुरू झाला व दोघींना गर्भ राहिला. या यशामुळे विकाराचे मूळ बीजांडकोशातच आहे, ही समजूत दृढ झाली आणि 'पॉलिसिस्टिक', म्हणजे बहुकोष्ठी, हे विशेषण रूढ झाले.

वस्तुतः ही विकृत कोष्ठे नसून वाढ खुंटलेल्या बीजपुटिका होत. १९८० साली बर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांमध्ये अँड्रोजेन व इन्शुलिन यांच्या वाढीव पातळ्यांचा परस्परसंबंध दाखविला. शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून ते अधिक स्रवते. हे अतिरिक्त इन्शुलिन बीजांडकोशात अँड्रोजेनची निर्मिती वाढविते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटविते. १९२१ मध्ये हाती आलेले सूत्र अशा रीतीने पुन्हा जुळले.

नाव मात्र टिकले. १९९० मध्ये बेथेस्डा येथे ठरलेल्या निकषांत बीजांडकोशाच्या स्वरूपाचा समावेशच नव्हता. २००३ च्या रॉटरडॅम परिषदेने तो केला, परंतु तीनांपैकी कोणतीही दोन लक्षणे पुरेशी मानली. परिणामी एकही 'कोष्ठ' नसलेली स्त्री बहुकोष्ठी विकाराची रुग्ण ठरू शकते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. बीजांडकोशाचे नाव ऐकणारी स्त्री अपत्यप्राप्तीपुरता या विकाराचा विचार करते. मधुमेहाचा वाढीव धोका तिच्या व कित्येकदा वैद्याच्याही ध्यानात येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१२ मध्ये नाव बदलण्याची शिफारस केली. ज्या लक्षणावरून नाव पडले ते गौण ठरले, आणि जे प्रधान त्याचा नावात उल्लेखही नव्हता, हे शल्य त्या शिफारशीमागे होते.